अरब-इस्रायल संघर्ष : धर्माचा की धरणीचा?

पश्चिम आशियात तोफा धडाडू लागल्या की आपल्याकडे एक ठरावीक उद्गार कानी पडतो. ज्यू आणि अरब हे हजारो वर्षांचे वैरी आहेत, धर्माचा तंटा आहे, तो मिटावयाचा नाही! हा उद्गार सोयीचा आहे. तो एकदा काढला की पुढे विचार करण्याची जबाबदारी उरत नाही. परंतु इतिहास त्याला दुजोरा देत नाही. मुस्लिम सत्तांच्या अमलाखाली ज्यू प्रजा दुय्यम दर्जाची होती, तिच्यावर वेगळा कर होता आणि प्रसंगी अत्याचारही झाले, हे खरे. तथापि १४९२ साली स्पेनने ज्यूंना देशोधडीला लावले तेव्हा त्यांतल्या अनेकांना आसरा मिळाला तो तुर्की साम्राज्यात व उत्तर आफ्रिकेत. बगदाद, कैरो, दमास्कस येथील पेठांत ज्यू व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या नांदले. ज्यूंच्या सामुदायिक संहाराचा कारखाना उभारला गेला तो युरोपात.

महाराष्ट्राला तर याची साक्ष बाहेरून मागविण्याचे कारणच नाही. कोकणात अलिबाग-पेणच्या टापूत शतकानुशतके तेलाचे घाणे चालविणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविले जाणारे बेने इस्रायली मराठी बोलत राहिले, हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांच्या सुखदुःखात मिसळले. पुढे त्यांच्यातील बहुतेक इस्रायलला गेले, ते येथील छळामुळे नव्हे. उलट तेथे गेल्यावर आपण अस्सल ज्यू आहोत हे तेथील धर्मपीठाकडून मान्य करवून घेण्यासाठीच त्यांना झगडावे लागले, आणि १९६४ साली इस्रायली संसदेने ठराव केल्यावर त्यांना दिलासा मिळाला.

तेव्हा हा संघर्ष सनातन नाही; तो जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे. जेरुसलेमची पवित्र स्थाने व दोन्ही बाजूंचे धर्मवेड यांनी त्यात तेल ओतले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जळण कशाचे आहे, हे पाहावयाचे तर जमीन, पाणी, मजुरी आणि महसूल या चार गोष्टींकडे वळावे लागते.

कागदावरची मालकी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅलेस्टाईन हा तुर्की साम्राज्याचा भाग होता. १८५८ साली तुर्की सरकारने जमिनीच्या नोंदणीचा नवा कायदा केला. नोंद झाली की कर आणि लष्करभरती मागे लागणार, या भीतीने पुष्कळ शेतकऱ्यांनी आपली वहिवाटीची जमीन स्वतःच्या नावावर लावलीच नाही. ती शहरातील धनिकांच्या नावावर गेली. कसणारा एक आणि कागदावरचा मालक दुसरा, ही स्थिती आपल्या वाचकांना अपरिचित नाही.

१८९७ साली बाझल येथे थिओडोर हर्झल यांच्या पुढाकाराने पहिली झायोनिस्ट परिषद भरली, आणि १९०१ साली ज्यू राष्ट्रीय निधी स्थापन झाला. रशियातील हत्याकांडांना कंटाळलेल्या ज्यूंना स्वतःची भूमी हवी होती, आणि ती मागणी माणुसकीच्या कोणत्याही न्यायाने क्षुद्र नव्हती. निधीने जमीन रीतसर पैसे मोजून विकत घेतली. परंतु विकणारा कोण होता? १९२० नंतरच्या काही वर्षांत जेझ्रील खोऱ्यातील विस्तीर्ण जमीन विकली ती बैरूतच्या सुर्सोक घराण्याने. पैसा बैरूतला गेला आणि जमीन कसणारी अरब कुळे बेदखल झाली. शिवाय या निधीची जमीन समाजाच्या मालकीची, ती पुन्हा विकावयाची नाही व तिच्यावर ज्यू श्रमिकांनीच राबावयाचे, असा दंडक होता. १९२० साली स्थापन झालेल्या हिस्ताद्रुत या कामगार महासंघाने ‘हिब्रू श्रम’ हेच ब्रीद मानले. ज्यूंनी परोपजीवी न राहता स्वतःच्या घामावर जगावे, ही त्यामागील प्रेरणा उदात्तच होती. पण कुळाच्या दृष्टीने तिचा अर्थ इतकाच की, शेत गेले आणि त्या शेतावरची मजुरीही गेली.

ब्रिटिशांनी या परिस्थितीत आणखी गुंता केला. १९१५-१६ साली त्यांनी मक्केच्या शरीफ हुसेन यांना अरब स्वातंत्र्याचे आश्वासन दिले. १९१६ साली फ्रान्सशी गुप्त करार करून तोच प्रदेश आपसांत वाटून घेतला. आणि २ नोव्हेंबर १९१७ रोजी परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या ‘राष्ट्रीय निवासस्थाना’ला पाठिंबा जाहीर केला. १९२२ च्या शिरगणतीत पॅलेस्टाईनची लोकसंख्या साडेसात लाखांच्या आसपास भरली. तीत ज्यू होते सुमारे ११ टक्के. १९३० साली, पूर्वी हिंदुस्थानात सनदी नोकरी केलेले सर जॉन होप सिंप्सन यांनी पाहणी करून असा निर्वाळा दिला की, सध्याच्या शेतीपद्धतीत नव्या वसाहतवाल्यांसाठी शिल्लक जमीन उरलेली नाही. त्यावर ब्रिटिश सरकारने निर्बंधांचे धोरण जाहीर केले आणि १९३१ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान मॅक्डोनाल्ड यांनी पत्र लिहून ते जवळजवळ मागे घेतले.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि हा हिशेबच उलटून गेला. १९३५ या एका वर्षात साठ हजारांवर ज्यू पॅलेस्टाईनमध्ये उतरले. जाणार तरी कोठे? १९३८ च्या जुलैत एव्हियान येथे निर्वासितांच्या प्रश्नावर परिषद भरली, तेव्हा बहुतेक सर्व देशांनी सहानुभूती दाखविली आणि दरवाजे मात्र लावून घेतले. १९३६ ते १९३९ असा अरबांचा उठाव झाला. तो ब्रिटिशांनी निर्दयपणे चिरडला. नंतर १९३९ च्या श्वेतपत्रिकेने ज्यूंच्या आगमनावर पाच वर्षांत ७५ हजारांची मर्यादा घातली, ती नेमकी साठ लाख ज्यूंच्या संहाराच्या तोंडावर! युरोपच्या पापाचे प्रायश्चित्त ज्याने ते पाप केले नव्हते त्या पॅलेस्टिनी शेतकऱ्याने घ्यावे, अशी ही व्यवस्था होती. ज्यूंना वाचवावयास जग आले नाही, आणि पॅलेस्टिनींना विचारावयासही आले नाही.

विसरलेले कलम

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणीचा ठराव संमत केला. दहा राष्ट्रे तटस्थ राहिली. लोकसंख्येत सुमारे एक तृतीयांश असलेल्या ज्यूंच्या राज्याला निम्म्याहून अधिक भूमी मिळाली, म्हणून अरबांनी ठराव धुडकावला. भारताने विरोधी मत दिले. तत्पूर्वी चौकशी समितीत भारत, इराण व युगोस्लाव्हिया यांनी फाळणीऐवजी संघराज्याची योजना मांडली होती. नुकताच फाळणीचा रक्तपात भोगलेल्या देशाने असे मत द्यावे, यात नवल नव्हते.

या ठरावाचे पूर्ण नाव फारसे कोणाच्या लक्षात नसते. ते होते ‘आर्थिक ऐक्यासह फाळणी’. दोन राज्ये, पण जकात एक, चलन सामाईक, रेल्वे व बंदरे सामाईक. आणि या सर्वांवर एक संयुक्त आर्थिक मंडळ. त्यात प्रत्येक राज्याचे तीन व राष्ट्रसंघाने नेमलेले तीन तटस्थ सभासद असावयाचे होते. जकातीच्या शिलकीचे वाटप दोन्ही राज्यांत नागरी सेवांचा पुरेसा दर्जा राहील अशा न्याय्य रीतीने करावयाचे होते. योजना करणाऱ्यांनी ओळखले होते की, एवढ्याशा भूमीत दोन राज्ये राजकारणात वेगळी होऊ शकतील, पण अर्थव्यवहारात एकमेकांवाचून जगू शकणार नाहीत. आणि ज्याच्या हाती बंदर व जकातनाका त्याच्याच हाती दुसऱ्याची मान, असे होऊ द्यावयाचे नसेल तर तिजोरीच्या किल्ल्या तिघांकडे हव्यात.

ते मंडळ कधी भरलेच नाही. १४ मे १९४८ रोजी इस्रायलची घोषणा झाली, दुसऱ्या दिवशी अरब फौजा आत घुसल्या, आणि १९४९ साली शस्त्रसंधी झाली तेव्हा पॅलेस्टाईनचा सुमारे ७८ टक्के प्रदेश इस्रायलकडे होता. जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा जॉर्डनने व गाझापट्टी इजिप्तने आपल्याकडे ठेवली. सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी निर्वासित झाले. त्यांची घरेदारे, शेते व संत्र्यांच्या बागा १९५० च्या ‘अनुपस्थितांची मालमत्ता’ कायद्याने सरकारजमा झाल्या. दुसऱ्या बाजूस इराक, येमेन, इजिप्त, मोरोक्को आदी देशांतून पुढील काळात लाखो ज्यू आपली मालमत्ता मागे टाकून इस्रायलला आले. नुकसानीचा हा हिशेब दुहेरी आहे, आणि तो आजतागायत चुकता झालेला नाही.

पाणी आणि मजुरी

१९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धाचे निमित्त म्हणून नासर यांनी तिरानची सामुद्रधुनी बंद केल्याचा उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु त्याआधीची तीन वर्षे सीमेवर धुमसत होते ते पाणी. १९६४ साली इस्रायलने गॅलिली सरोवराचे पाणी दक्षिणेकडील वाळवंटाकडे नेणारी राष्ट्रीय जलवाहिनी पुरी केली. त्याच वर्षी अरब राष्ट्रांनी जॉर्डनचे उगमप्रवाह वळविण्याचे ठरविले. आणि सीरियातील त्या कामांवर इस्रायलने हल्ले चढविले. युद्धानंतर गोलन टेकड्या व पश्चिम किनारा इस्रायलच्या हाती आला, म्हणजे नदीचे उगमही आले आणि डोंगराखालचा भूजलसाठाही आला.

आणखी एक गोष्ट हाती आली : स्वस्त मजूर. ज्या चळवळीने अरब मजुराला शेतावरून दूर ठेवण्याचा दंडक घातला होता, तिच्याच राज्यात आता गाझा व पश्चिम किनाऱ्याचे मजूर पहाटे बसगाड्यांत बसून इमारतींच्या कामांवर येऊ लागले. १९८७ च्या सुमारास व्याप्त प्रदेशातील कामकऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश, म्हणजे लाखाच्या वर माणसे, इस्रायलमध्ये मजुरी करीत होती. त्यांचे उत्पन्न वाढले, घरे पक्की झाली, पेठेत माल आला. पोट भरले की माणूस राजकारण विसरतो, असे मानणाऱ्या अर्थपंडितांना वीस वर्षांचा हा प्रयोग यशस्वी वाटत होता. १९८७ च्या डिसेंबरात गाझात उठावाची ठिणगी पडली, आणि दगड घेऊन रस्त्यावर आली ती याच सुबत्तेत वाढलेली पिढी. मजुरी वाढली होती. परंतु विहीर खणावयास, घर बांधावयास, नांगरलेले शेत आपलेच राहील याची खात्री बाळगावयास परवाना लागत होता, आणि तो परवाना देणाऱ्याला मत देण्याचा अधिकार मजुराला नव्हता.

ज्याने उधारी ठेवली नाही तो करार टिकला

या शंभर वर्षांत करार थोडे झाले नाहीत. त्यांतील कोणते टिकले व कोणते कोसळले, हे ताडून पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. १९७३ च्या युद्धानंतर १९७९ च्या मार्चमध्ये इजिप्त व इस्रायल यांच्यात तह झाला. त्यात सिनाईचा प्रत्येक इंच परत करावयाचा होता. तेलविहिरी सोडावयाच्या होत्या. यमित ही वसाहत इस्रायलने १९८२ साली स्वतःच्या हाताने जमीनदोस्त केली. १९९४ साली जॉर्डनशी तह झाला, त्यात सीमा आखली गेली व पाण्याचे वाटप दशलक्ष घनमीटरांत लिहून ठेवले गेले. सादात यांचा १९८१ साली खून झाला, लेबनॉनवर स्वाऱ्या झाल्या, गाझा बेचिराख झाली. हे दोन तह मात्र टिकून राहिले.

१९९३ चा ओस्लो करार नेमका याच्या उलट रीतीने लिहिला गेला. सीमा, जेरुसलेम, निर्वासित, वसाहती हे सारे प्रश्न ‘अंतिम वाटाघाटी’साठी राखून ठेवले, पाण्याचीही गत तीच झाली. १९९५ च्या पुढील करारात डोंगराखालच्या भूजलातील सुमारे चार पंचमांश वापर इस्रायलकडे राहिला, आणि पश्चिम किनाऱ्याचा सुमारे ६० टक्के भाग पूर्ण इस्रायली ताब्यात. उधारीवर ठेवलेल्या या प्रश्नांवर व्याज चढत गेले. १९९३ साली पश्चिम किनाऱ्यावर, पूर्व जेरुसलेम वगळून, लाख-सव्वा लाख इस्रायली वसाहतवाले होते. २०२३ पर्यंत ते पाच लाखांच्या घरात गेले. जिच्याविषयी वाटाघाटी व्हावयाच्या ती जमीनच वाटाघाटी चालू असता एक पक्ष खात होता. दुसरीकडे हमासच्या आत्मघातकी बाँबस्फोटांनी इस्रायली मतदाराचा तडजोडीवरील विश्वास उडविला, आणि पंतप्रधान राबिन यांना १९९५ साली मारले ते एका ज्यू माथेफिरूने. तडजोडीचे शत्रू दोन्हीकडे होते, आणि पुढे ढकललेल्या प्रत्येक वर्षाने त्यांनाच बळ दिले.

१९४७ च्या संयुक्त आर्थिक मंडळाचे काय झाले, हेही येथे पाहिले पाहिजे. १९९४ च्या एप्रिलमध्ये पॅरिस येथे आर्थिक करार झाला. जकात एकच, पण तटस्थ मंडळ नाही. बंदरांवर इस्रायल पॅलेस्टिनी मालाची जकात व कर वसूल करतो, तीन टक्के खर्चापोटी कापतो आणि उरलेली रक्कम दरमहा पॅलेस्टिनी प्रशासनाला देतो. या प्रशासनाच्या महसुलाचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग याच मार्गाने येतो. स्वतःचे चलन त्याला नाही. राजकीय खटका उडाला की ही रक्कम अडविली जाते. २००६, २०१५ व २०१९ साली तसे झाले आणि ऑक्टोबर २०२३ नंतर पुन्हा झाले. मग शिक्षकांना व परिचारिकांना अर्धे पगार घेऊन घरी जावे लागते. आर्थिक ऐक्य १९४७ सालीही होते आणि १९९४ सालीही. फरक किल्ल्या कोणाकडे, एवढाच आहे.

गाझाची गोष्ट याहून भीषण. २००५ साली इस्रायलने तेथून वसाहती हलविल्या, २००६ ची निवडणूक हमासने जिंकली, २००७ साली सत्ता बळकावली आणि नाकेबंदी सुरू झाली. ३६५ चौरस किलोमीटरांत वीस लाखांवर माणसे, त्यांतील जवळजवळ निम्मे कामकरी बेकार. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलमध्ये घुसून सुमारे १,२०० माणसे मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्या क्रौर्याला कोणत्याही अन्यायाचा दाखला देऊन समर्थन मिळत नाही. तद्वतच त्या क्रौर्याचा दाखला देऊन पुढील दोन वर्षांच्या संहाराचेही समर्थन होत नाही. ऑक्टोबर २०२५ च्या शस्त्रसंधीपर्यंत गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीनुसार ६७ हजारांवर माणसे मेली होती, त्यांत हजारो मुले होती.

खर्च कोण सोसतो?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. इतका महाग संघर्ष इतकी वर्षे परवडतो कसा? याचे एक उत्तर असे की, तो चालविणाऱ्यांना त्याची पूर्ण किंमत मोजावी लागत नाही. २०१६ च्या करारान्वये अमेरिकेने दहा वर्षांसाठी ३८ अब्ज डॉलरचे लष्करी साहाय्य इस्रायलला देऊ केले. निर्वासितांच्या छावण्या, शाळा व दवाखाने १९५० पासून राष्ट्रसंघाच्या संस्थेने चालविले. हमासला शस्त्रे व पैसा इराणकडून मिळाला. अरब राज्यकर्त्यांनी पॅलेस्टाईनचे नाव घेऊन आपल्या गाद्या सांभाळल्या आणि बहुतेकांनी निर्वासितांना नागरिकत्व मात्र दिले नाही. ज्यांना हट्टाचा लाभ होतो व ज्यांना त्याचे बिल येते ती माणसे वेगवेगळी असली, की हट्ट टिकतो.

ते बिल आपल्यापर्यंतही येते. १९७३ च्या युद्धानंतर तेलाचा भाव पिंपामागे सुमारे तीन डॉलरांवरून १९७४ च्या आरंभी अकराच्या पुढे गेला, आणि त्या वर्षीची महागाई ज्यांनी अनुभवली त्यांना ती सांगावयास नको. अलीकडे हे बिल नव्या रूपाने आले आहे. ऑक्टोबर २०२३ नंतर इस्रायलने दीड लाखाच्या आसपास पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने थांबविले आणि ती जागा भरण्यासाठी भारताकडे मागणी केली. २०२४ च्या आरंभी हरियाणा व उत्तर प्रदेशात भरतीच्या रांगा लागल्या. पुढील फेरीत महाराष्ट्राकडेही वळण आले. बेकार गवंड्याने चार पैसे अधिक मिळतात तेथे जावे, त्याला दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु १९४७ साली संघराज्याची बाजू मांडणाऱ्या, १९७४ साली पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला मान्यता देणाऱ्या, १९८८ साली पॅलेस्टाईनचे राज्य मान्य करणाऱ्या आणि १९९२ पासून इस्रायलशीही पूर्ण संबंध ठेवणाऱ्या देशाच्या सरकारने या व्यवहाराकडे केवळ परदेशी चलनाच्या नजरेने पाहावे काय? दोघांशीही बोलू शकणारी राष्ट्रे जगात फार नाहीत. ती पत केवळ मजूर व शस्त्रे यांच्या व्यापारात खर्च होऊ नये.

उपाय गूढ नाही, कठीण आहे. पाण्याचा प्रश्न तर आता पूर्वीइतका बिकटही उरलेला नाही. समुद्राचे पाणी गोडे करण्याचे तंत्र इस्रायलने इतके पुढे नेले आहे की, जे भांडण थेंबांचे होते ते आता पैशाचे झाले आहे, आणि पैशाची वाटणी करता येते. निर्वासितांच्या व अरब देशांतून आलेल्या ज्यूंच्याही मालमत्तेचा हिशेब मांडून भरपाई ठरविता येते. जकातीच्या किल्ल्या तटस्थ मंडळाकडे देणे ही कल्पना तर १९४७ पासून कागदावर आहे. अडते ते जमिनीपाशी. सीमा आधी आखून वसाहती त्यानुसार हलविल्यावाचून कोणताही तह कागदापलीकडे जाणार नाही, आणि इस्रायलच्या अस्तित्वाला मनापासून मान्यता दिल्यावाचून कोणतीही सीमा इस्रायली मतदाराला सुरक्षित वाटणार नाही. सिनाईत जे घडले ते या दोन्ही गोष्टी एकदम झाल्या म्हणून घडले.

गाझाच्या पुनर्बांधणीच्या योजना आता आखल्या जात आहेत. सिमेंट किती, पैसा कोणाचा, ठेके कोणाला, याची चर्चा आहे. १९६७ ते १९८७ या वीस वर्षांचा अनुभव जमेस धरावयाचा असेल तर पहिला प्रश्न वेगळा असावयास हवा. त्या नव्या घरांचा सातबारा कोणाच्या नावावर राहणार, आणि तो बदलण्याचा अधिकार कोणाकडे असणार? याचे उत्तर याही वेळी पुढील बैठकीवर ढकलले गेले, तर ती घरे पुढच्या युद्धात पुन्हा पडण्यासाठीच बांधली जातील.